रिपोर्टवर सगळे ‘आर’च

प्रश्न : सासऱ्यांची पायाची जखम चिघळलीय. कल्चर रिपोर्टवर सहा अँटिबायोटिक्सपुढे ‘आर’ आलाय. क्षार इकडचे तिकडे नेणारे कृत्रिम रेणू जंतू मारतात म्हणे. ते औषध नाशकात मिळेल का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : ताई, मेडिकलमध्ये शोधू नका, हे काम अजून प्रयोगशाळेतच आहे. ‘आर’ म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही. ‘एस’, म्हणजे औषध लागू पडतं अशी खूण, कुठं दिसतो ते डॉक्टरांकडून समजून घ्या.

कल्पना मात्र झकास! जंतूच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम. गंगापूर धरणात पाणी अडवावं तसा हा फरक राखूनच तो जगतो. हे रेणू त्याच्या पटलात, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यात, भोक पाडतात किंवा नावाड्यासारखे क्लोराइड, पोटॅशियम पार करतात. फरक मिटला की जंतू आटोपला.

अडचण? तुमच्याकडच्या पोल्ट्रीवाल्याला विचारा. (माझ्या मावसभावाची शेड आहे, म्हणून मला ठाऊक.) खाद्यातलं मोनेन्सिन हे औषध असंच सोडियम वाहतं आणि कोंबडीचा कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा रोग आवरतं. तेच खाद्य घोड्यानं खाल्लं तर जिवावर बेततं. पटल आपल्याही पेशींना असतंच ना! पटलात भोक पाडणारं ग्रॅमिसिडिन हे अँटिबायोटिक १९३९ साली सापडलं, पण रक्तपेशी फोडतं म्हणून आजही ते वरूनच लावतात.