वाचकांचे प्रश्न: संगणकाचे इशारे आणि घरचं बीपी

प्रश्न: आमच्याकडे औषधं संगणकावर लिहून द्यावी लागतात. जवळपास प्रत्येक औषधाला इशाऱ्याची लाल चौकट उघडते, त्यामुळे न वाचताच ‘पुढे’ दाबायची सवय लागली आहे. इशारे बंद करून घ्यावेत का? (एक निवासी डॉक्टर)

उत्तर: सरसकट बंद करू नका, पण आहेत तसेही ठेवू नका. गेल्या महिन्याची यादी मागवा: कोणता इशारा किती वेळा आला आणि किती वेळा डावलला गेला. जो जवळजवळ दर वेळी डावलला जातो, तो फार्मासिस्ट आणि वरिष्ठांसमोर ठेवा आणि चौकटीऐवजी बाजूला एका ओळीत दिसेल असा करून घ्या. काम अडवणारी चौकट मोजक्याच ठिकाणी हवी: पेनिसिलिनने पूर्वी श्वास कोंडलेल्या रुग्णाला त्याच गटातलं अ‍ॅमॉक्सिसिलिन, हृदयविकाराच्या छातीदुखीवरचं नायट्रेट चालू असताना लैंगिक दुर्बलतेवरचं सिल्डेनाफिल (दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक खाली येतो), संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्सेट चुकून ‘रोज’. ही शेवटची चूक जिवावर बेतते, आणि पडद्यावर ‘रोज’ हा पर्याय आधीच निवडलेला असेल तर ती सहज घडते.

बराचसा गोंगाट मात्र आपणच भरलेल्या माहितीतून येतो. नुसत्या मळमळीची ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून नोंद झाली, की त्या गटातल्या प्रत्येक औषधाला चौकट उघडणार. म्हणून नेमका त्रास काय झाला ते लिहा. बंद केलेली औषधं यादीतून काढा, नाहीतर रुग्ण घेतच नसलेल्या गोळीवरून इशारे येत राहतात. मुलांचं वजन किलोत आणि तारखेसह हवं. सहा महिन्यांपूर्वीच्या वजनावर संगणक बिनचूक गणित करून चुकीचा डोस काढतो. आणि डावलण्याचं कारण लिहिणं प्रत्येक इशाऱ्याला सक्तीचं करू नका. लोक त्या रकान्यात टिंब टाकून मोकळे होतात.

प्रश्न: डॉक्टरांनी घरचं बीपी अ‍ॅपवर पाठवायला सांगितलं आहे. दिवसातून अनेकदा मोजतो, दर वेळी आकडा वेगळा. कोणता पाठवू?

उत्तर: सुटा आकडा नको, सरासरी पाठवा. सात दिवस, सकाळी औषध आणि नाश्त्याआधी, तसंच संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतराने दोन-दोन नोंदी घ्या. पहिला दिवस सोडून उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा असते, घरी १३५/८५ धरतात.

आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला. हात खाली लोंबत असेल, पट्टा दंडाला लहान असेल किंवा मोजताना बोललात, तर आकडा फुगतो.

यंत्रावर अनियमित ठोक्यांची खूण दिसली तर तीही कळवा. अशा वेळी यंत्राचा अंदाज चुकू शकतो, ईसीजी काढून खात्री करावी लागते. छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं असेल, तर आकडा काहीही असो, अ‍ॅपवर पाठवत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. डॉक्टर तो संदेश तेव्हाच वाचतील असं नाही.