गेटचा दिवा, दोन स्विच आणि मधला टायमर

दिवाळी जवळ आली की गेटच्या, कंपाउंडच्या आणि जिन्याच्या दिव्यांना टायमर लावायची टूम निघते. त्यानंतर प्रश्न यायला लागतात, आणि त्यांतला गोंधळ जवळपास एकच असतो. दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद होतो, म्हणजे जिन्यासारखं टू-वे वायरिंग आहे, आणि त्यात टायमर नेमका कुठे घालायचा हे वायरमनही ठामपणे सांगत नाही. म्हणून या वेळी सगळी उत्तरं याच विषयावर.

प्रश्न (कोपरखैरणे): रो हाउसच्या पोर्चमधल्या दिव्याला एक स्विच हॉलमध्ये आणि दुसरा वरच्या मजल्यावर आहे. संध्याकाळी सात ते सकाळी सहा दिवा आपोआप लागावा, पण दोन्ही स्विचही चालावेत. टायमर कुठे बसवायचा?

आधी तुमच्या भिंतीत काय आहे ते पाहू. एका स्विचच्या कॉमनला (ज्या टर्मिनलची जोड आलटून-पालटून बाकीच्या दोघांशी लागते) फेज येतो, दुसऱ्याच्या कॉमनवरून वायर दिव्याकडे जाते, आणि दोन्ही स्विचांच्या मध्ये दोन वायरी धावतात. न्यूट्रल थेट दिव्यालाच गेलेला असतो, स्विचच्या डब्यात तो बहुधा नसतोच. बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात, कारण चांगल्या टायमरला स्वतःला चालायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात.

वायरमन सहसा टायमर पहिल्या स्विचच्या आधी, फेजच्या वाटेत टाकतो. काम दहा मिनिटांचं, पण मग दिवा लागायला टायमरही चालू हवा आणि दोन्ही स्विचांची जोडीही जुळलेली हवी. टू-वे स्विचला 'वर म्हणजे बंद, खाली म्हणजे चालू' असं काही नसतं. कोणी रात्री एक स्विच दाबला की दुसऱ्या दिवशी सात वाजता टायमर टक करतो आणि पोर्च अंधारातच राहतो.

तुमच्यासाठी टायमरचा संपर्क (त्याच्या आतला स्विच) समांतर जोडणं बरं. टायमरच्या कॉमनला कायमचा फेज द्यायचा आणि एनओ (नॉर्मली ओपन, टायमर चालू झाल्यावरच जुळणाऱ्या) टर्मिनलवरून दिव्याकडे जाणाऱ्या वायरला जोडायचं. टायमरच्या वेळेत दिवा लागलेलाच राहील आणि बाकीच्या वेळी दोन्ही स्विच नेहमीसारखे चालतील. रात्री मधेच दिवा घालवायचा असेल तर मात्र स्विच उपयोगाचे नाहीत, टायमरवरचं मॅन्युअल बटणच दाबावं लागेल. बहुतेक घरांना एवढी तडजोड चालते.

अट एकच, आणि ती मोडायची नाही: टायमरचा फेज दिव्याच्याच एमसीबीवरचा (जास्त करंटला आपोआप पडणाऱ्या बोर्डातल्या स्विचवरचा) हवा. वरच्या डब्यात प्लगचा फेज आयता मिळतोय म्हणून तो घेतला, आणि घराला थ्री फेज मीटर असून तो फेज दुसरा निघाला, तर टायमर आणि स्विच एकाच वेळी लागले की दोन फेज थेट एकमेकांना भिडतील. तो ४१५ व्होल्टचा शॉर्ट असतो. मीटर सिंगल फेज असलं तरी दोन एमसीबींवरून एकाच दिव्याला पुरवठा झाला, तर एक एमसीबी पाडूनही वायरीत करंट राहतो. त्यामुळे फेज आणि न्यूट्रल मेन बोर्डातून नव्याने ओढावे लागतात. वायर १.५ चौरस मिमी तांब्याची, आयएस ६९४ (वायरींचं भारतीय मानक) छाप असलेली घ्या.

स्विच काढण्याआधी कॉमनच्या वायरीला टेप लावून खूण करा. मधलं टर्मिनल कॉमन असतंच असं धरून चालू नका आणि रंगावर तर मुळीच जाऊ नका. एमसीबी पाडून स्विच सुटा करा आणि मल्टिमीटर लावा. स्विचच्या दोन्ही स्थितींत ज्या टर्मिनलची जोड कुणाशी ना कुणाशी लागते ते कॉमन. निऑन टेस्टर यासाठी कुचकामी आहे. शेजारच्या वायरीमुळे तो उगाच पेटतो, आणि कधी पेटायला हवा तेव्हा पेटत नाही. एवढं तपासणं तुम्हाला जमेल, पण जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

प्रश्न (वसंत विहार, ठाणे): टायमर लावल्यावर आठवडाभर ठीक चाललं. आता दिवे दिवसा लागतात आणि रात्री जातात. टायमर खराब आहे का?

नाही. तुमच्याकडे एक टू-वे स्विच काढून त्याच्या जागी टायमर बसवलाय. टायमरमध्ये कॉमन, एनओ आणि एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एनओच्या उलट) अशी तीन टर्मिनलं असतात (काहींवर १५, १८, १६ असे आकडे छापलेले असतात), म्हणजे तोही विजेच्या दृष्टीने एक टू-वे स्विचच झाला. कागदावर हे सुबक दिसतं. पण उरलेला दुसरा स्विच कोणी एकदा दाबला की सगळा क्रम उलटा होतो. तो स्विच पुन्हा एकदा दाबा, दिवे सुधारतील आणि पुढच्या पाहुण्यापर्यंत टिकतील. कायमचा उपाय म्हणजे वर सांगितलेली समांतर जोडणी, किंवा बोर्डावर 'ऑटो-बंद-मॅन्युअल' असा तीन स्थितींचा सिलेक्टर स्विच.

प्रश्न (ऐरोली): टायमर दिवसभर चालू राहिला तर वीजबिल किती वाढेल?

दोन वॉटच्या टायमरला महिन्याला दीड युनिटही लागत नाही. २० वॉटचे बारा दिवे दिवसा बारा तास विसरून चालू राहिले तर एका दिवसात २.८८ युनिटं जातात. काळजी करायचीच तर त्यांची करा.

प्रश्न (सानपाडा): टायमर बंद झाला तरी एलईडी मंद पेटत राहतो. शेजारी म्हणतात, 'करंट मुरतोय, मीटर पळेल.'

मीटर पळणार नाही. टायमर न्यूट्रलशिवाय चालणारा, दोन वायरींचा असेल तर स्वतः जिवंत राहण्यासाठी तो दिव्यामधूनच थोडा करंट ओढतो. जुन्या बल्बला तो जाणवत नसे, एलईडीला जाणवतो. स्विचमधला लाल इंडिकेटरही हेच करतो, आणि टू-वेच्या लांबलचक वायरी शेजारी-शेजारी धावत असतील तर त्याही. न्यूट्रलवर चालणारा टायमर लावला की बहुधा हे थांबतं. पण त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या: स्विच फेज तोडतोय की न्यूट्रल? न्यूट्रल तोडत असेल तर दिवा विझलेला असतानाही होल्डरमध्ये फेज उभा असतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. तसं निघालं तर मंद उजेडाचं राहू द्या, आधी ते दुरुस्त करा.

प्रश्न (घोडबंदर रोड): सोसायटीत ३० वॉटचे चाळीस दिवे '१६ अँपिअर' टायमरवर आहेत. तीन महिन्यांत टायमर चिकटला, दिवे बंदच होत नाहीत. दुकानदार म्हणतो, 'आता ३० अँपिअरचा घ्या.'

घेऊ नका. चाळीस गुणिले तीस म्हणजे १२०० वॉट, साधारण सव्वापाच अँपिअर. मग १६ चा का चिकटला? कारण तो आकडा हीटरसारख्या भारासाठी असतो. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये) कपॅसिटर असतात. चालू होताना ते क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात, आणि चाळीस ड्रायव्हर एकाच क्षणी ओढतात. टायमरमधल्या रिलेचे संपर्क तिथे ठिणगीने वितळून जुळतात. चांगल्या कंपनीच्या टायमरच्या माहितीपत्रकात एलईडीसाठी वेगळी ओळ असते आणि तिथला आकडा बऱ्याचदा काही शे वॉटच असतो. ती ओळच नसेल तर डबीवरचा ३० हा आकडा निव्वळ शोभेचा.

टायमरने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा भार झेलणाऱ्या, विजेने चालणाऱ्या स्विचची) कॉइल चालवावी, दिव्यांचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा. २३० व्होल्ट कॉइलचा, दोन पोलचा, २५ अँपिअर मॉड्युलर कॉन्टॅक्टर बोर्डात टायमरशेजारीच बसतो. चाळीस दिवे एकाच फांदीवर (सर्किटवर) ठेवण्याऐवजी दोन-तीन एमसीबींत वाटा. आकडे तुमच्या सोसायटीच्या कॉन्ट्रॅक्टरने प्रत्यक्ष भार मोजून ठरवावेत, दुकानाच्या काउंटरवर ते ठरत नाहीत.

प्रश्न (नेरुळ): जिन्याच्या आणि आवाराच्या दिव्यांना टायमर लावला. रोज संध्याकाळी दिवे लागायच्या क्षणाला आरसीसीबी पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, 'आरसीसीबी काढून थेट जोडतो, प्रॉब्लेम संपेल.'

हे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात घातक सल्ला हाच आहे आणि तो सर्रास दिला जातो.

आरसीसीबी एकच काम करतो. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे तो पाहतो. ३० मिलिअँपिअरच्या आत फरक दिसला तरी तो पडू शकतो आणि पडायलाच हवा, कारण तो हरवलेला करंट कदाचित कुणाच्या अंगातून जमिनीत जात असतो. आता २० वॉटचा एक दिवा घ्या. तो साधारण ८७ मिलिअँपिअर ओढतो. त्याचा फेज या आरसीसीबीतून निघाला आणि न्यूट्रल दुसरीकडून परत गेला, तर आरसीसीबीच्या दृष्टीने ते सगळे ८७ हरवले. एकच दिवा लागला तरी तो पडणार. यात आरसीसीबीचा दोष काडीचाही नाही.

न्यूट्रल दुसरीकडे कसा गेला? टू-वे जिन्यात हे हमखास होतं. खालच्या पॅसेजमधून फेज घेतात, वरच्या मजल्यावर दिव्यापाशी न्यूट्रल हवा असतो, आणि वायर ओढायचा कंटाळा म्हणून जवळच्या डब्यातून घेतला जातो. कधी दुसऱ्या सर्किटचा, कधी चक्क कुणाच्या फ्लॅटच्या मीटरवरचा. आरसीसीबी नसेपर्यंत हे वर्षानुवर्षं लपून राहतं. टायमर बसवताना बोर्डात दुसरी चूक होते. दोन आरसीसीबी असतील तर प्रत्येकाची न्यूट्रल पट्टी वेगळी असते, आणि घाईत दिव्यांचा न्यूट्रल शेजारच्या पट्टीत खुपसला जातो. टायमर नवा आला म्हणून बोट टायमरकडे दाखवलं जातं.

आणि हा नुसता आरसीसीबी पडण्याचा त्रास नाही. परक्या मीटरचा न्यूट्रल वापरात असेल तर सोसायटीची एमसीबी बंद करून काम करणाऱ्याला तो मेलेला वाटतो. त्या फ्लॅटमधला भार चालू असताना त्याने तो न्यूट्रल सोडवला, की सुटलेल्या टोकावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. हातात काळी वायर, एमसीबी बंद, टेस्टर शांत होता, आणि तरी माणूस शिडीवरून फेकला जातो.

आधी एवढं पाहा. आरसीसीबी कोरड्या मे महिन्यातही दिवे लागायच्या ठोक्याला पडत असेल तर न्यूट्रलची अदलाबदल आहे. फक्त पाऊस झाल्यावर, वेळी-अवेळी पडत असेल तर फिटिंगमध्ये किंवा जंक्शन बॉक्समध्ये पाणी आहे. खाडीजवळ तर पितळी कनेक्टरवर हिरवा थर चढतो आणि त्यातून करंट झिरपतो. पहिल्या प्रकारात कॉन्ट्रॅक्टरने त्या सर्किटचा न्यूट्रल पट्टीवरून सोडवून, तो कुठे-कुठे जोडला गेलाय ते शोधायचं आणि प्रत्येक सर्किटला स्वतःचा न्यूट्रल द्यायचा. दुसऱ्या प्रकारात एलईडी ड्रायव्हर आणि टायमर सोडवून ५०० व्होल्ट मेगरने (वायरीचं इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) वायरी तपासायच्या. एक मेगओमच्या खाली आकडा आला तर ती केबल बदलायची. ड्रायव्हर न सोडवता मेगर लावला तर ड्रायव्हर जातील आणि बिल सोसायटीला येईल.

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या, आणि तपासणीचे आकडे लेखी मागा. आरसीसीबी काढून देतो म्हणणाऱ्याला पुढचं काम देऊ नका.

प्रश्न (येऊर): टायमरवर वेळ किती ठेवू? दर महिन्याला बदलावी लागते.

लागणारच. आपल्याकडे नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सातवीसच्या आसपास. तुम्हाला ॲस्ट्रो टायमर हवा. त्यात अक्षांश १९ उत्तर, रेखांश ७३ पूर्व आणि वेळ जागतिक वेळेपेक्षा अधिक साडेपाच तास एवढं भरलं की तो रोजचा सूर्यास्त स्वतः काढतो. मेनूमध्ये 'उन्हाळी वेळ' किंवा 'डीएसटी' असं काही असेल तर ते बंद करा. युरोपसाठी बनवलेले टायमर मार्चअखेर एक तास पुढे उडी मारतात आणि लोक ते दुरुस्तीला नेतात. दातेरी चकतीचा साधा टायमर घेतला असेल तर आत बॅटरी आहे का ते बघा. नसेल तर वीज दोन तास गेली की तो दोन तास मागे राहतो.

प्रश्न (खारघर): परदेशातून भावाने थ्री-वे टायमर स्विच पाठवलाय. त्यावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलंय. चालेल?

नाही.

प्रश्न (वाशी): वाय-फाय स्विचवाला म्हणतो, 'कुठल्याही टू-वेवर बसतो, न्यूट्रल नको.'

त्याला दोनच गोष्टी विचारा. जुने दोन्ही स्विच चालू राहण्यासाठी एस-१ आणि एस-२ अशी वेगळी टर्मिनलं आहेत का? आणि इंटरनेट बंद असताना वेळापत्रक स्विचमध्येच साठवलेलं राहतं का? उत्तर फिरवून दिलं तर निरोप घ्या. 'न्यूट्रल नको' या दाव्याचं काय होतं ते सानपाड्याच्या प्रश्नात आलंच आहे.

प्रश्न (कोपरी): गेटजवळच्या लोखंडी खांबाला पावसात हात लागला की मुंग्या येतात. कमिटी म्हणते, टायमरचं काम निघेल तेव्हा एकदमच बघू. सहा महिने झाले.

टायमरशी याचा संबंध नाही आणि थांबण्याचा प्रश्नच नाही. हे वाचून झालं की त्या दिव्यांची एमसीबी पाडा, त्यावर 'चालू करू नये' अशी चिठ्ठी चिकटवा आणि खांबाभोवती दोरी बांधून वॉचमनला मुलांना लांब ठेवायला सांगा. खांबाच्या आतल्या टर्मिनलवर अर्थिंगची हिरवी वायर आहे का, ती मेन बोर्डाच्या अर्थपर्यंत खरोखर पोचते का, आणि त्या फांदीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे कॉन्ट्रॅक्टरने मोजून लेखी दिल्याशिवाय ती चिठ्ठी काढू नका. कमिटीची सभा पुढच्या रविवारी असली तरी चालेल, एमसीबी आज पडली पाहिजे.