‘फक्त आणीबाणीचे कॉल’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात पसरणी घाटात रात्री दहाच्या सुमारास आमची दुचाकी घसरली आणि माझ्या पत्नीच्या पायाला मार लागला. माझ्या कंपनीचे नेटवर्क नव्हते. फोनच्या पडद्यावर ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ एवढीच अक्षरे दिसत होती. घरी फोन लागेना, पण ११२ पहिल्याच प्रयत्नात लागला. ज्या टॉवरला माझी ओळख नाही, त्याने माझा कॉल कसा घेतला? अनोळखी फोनला असा शिरकाव मिळत असेल, तर त्याचा गैरवापर होत नाही का?
– एक वाचक, वाई

उत्तर : आपल्या फोनने त्या रात्री दुसऱ्या कंपनीचा टॉवर धरला होता. एरवी कोणतेही मोबाइल नेटवर्क परक्या फोनला सहजासहजी आत घेत नाही. सिमकार्डात एक गुप्त किल्ली असते, साधारणपणे १२८ बिटांची, आणि तिची जोड फक्त आपल्या कंपनीकडे असते. फोन नोंदणीसाठी आला की नेटवर्क त्याला एक यादृच्छिक संख्या पाठवते. सिम त्या संख्येवर किल्लीच्या आधारे गणित करून उत्तर परत करते, तेच गणित कंपनीकडेही होते आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच सेवा सुरू होते. या सगळ्यात किल्ली स्वतः कधीही हवेतून जात नाही. टूजीमध्ये ओळख पटवण्याचे ओझे फक्त सिमवर होते. थ्रीजीपासून नेटवर्कलाही सिमपुढे आपला खरेपणा सिद्ध करावा लागतो.

घाटातल्या त्या टॉवरच्या कंपनीकडे आपल्या किल्लीची जोड नव्हती आणि आपल्या कंपनीशी तिचा तेथे रोमिंगचा करारही नसावा, म्हणून नोंदणी झाली नाही. मात्र मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय मानकांत अशा फोनसाठी ‘मर्यादित सेवा’ नावाची अवस्था मुद्दाम ठेवलेली आहे. त्या अवस्थेत फोन मिळेल तो टॉवर धरून असतो आणि ११२ फिरवताच, ही मागणी आणीबाणीची आहे, हे नेटवर्कला पहिल्याच संदेशात कळवतो. ओळख पटवता येत नाही म्हटल्यावर संभाषण कुलूपबंद करणारी किल्लीही तयार होत नाही; म्हणून फोरजी आणि फाइव्हजीमध्ये असा कॉल कुलपाविना पुढे नेण्याची मुभा आहे. सरकारी रुग्णालयात अपघातग्रस्ताला आधी आत घेतात आणि केसपेपर मागाहून काढतात, त्यामागे जो विचार असतो तोच येथे आहे, आणि माझ्या मते तो पूर्णपणे योग्य आहे.

रिचार्ज संपलेले सिम हा प्रकार याहून वेगळा. तेथे ओळख व्यवस्थित पटते, फक्त बाहेर जाणारे कॉल बंद केलेले असतात. अशा सिमवरूनही ११२ लागावा, अशी आपल्याकडे व्यवस्था आहे. सिमच नसलेल्या फोनकडे मात्र सांगण्यासारखा उरतो तो फक्त आयएमईआय, म्हणजे स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबल्यावर दिसणारा १५ अंकी क्रमांक. तो हँडसेटचा क्रमांक आहे, गुपित नव्हे. त्यामागे सिमसारखी किल्ली नसल्याने तो बदलून खोटा सांगता येतो. भारतात तशी छेडछाड हा गुन्हा आहे.

गैरवापराबद्दलची आपली शंका रास्त आहे, कारण नेमक्या या मुद्द्यावर देशादेशांत मतभेद आहेत. खोडसाळ कॉलांचा त्रास वाढल्यामुळे जर्मनीने २००९ मध्ये सिमविना आणीबाणीचा कॉल करण्याची सोय बंद केली. अमेरिकेत मात्र कोणत्याही कंपनीची सेवा न घेतलेल्या फोनचाही ९११ हा कॉल जोडून देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. तेथे अशा फोनचा क्रमांक म्हणून ९११ या आकड्यांपुढे हँडसेटच्या क्रमांकातले सात अंक लावतात, ज्यावर उलट फोन करता येत नाही. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, घरातला जुना फोन ‘अडीअडचणीला असू द्या’ म्हणून ठेवला असेल, तर त्यात चालू सिम ठेवावे आणि सिम काढलेल्या फोनवर विसंबू नये.

आपल्यासारख्या प्रसंगी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची ठरते. परक्या टॉवरवर आपल्या फोनची नोंदणी झालेली नसल्यामुळे कॉल तुटल्यास नियंत्रण कक्षाला आपल्याला परत गाठणे अवघड जाते. तेव्हा काय झाले हे सांगण्याआधी कुठे आहोत ते सांगावे: घाटाचे नाव, वर चाललो होतो की खाली, जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा. समोरच्या व्यक्तीने ठेवायला सांगेपर्यंत फोन ठेवू नये.

प्रश्न : आमच्या सोसायटीत स्मार्ट मीटर बसवले आहेत. त्यांत सिम असते असे ऐकले. ते काढून फोनमध्ये घातले तर इंटरनेट चालेल का?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : चालणार नाही, आणि मीटर उघडणे बेकायदा असल्याने तो प्रयत्न कोणीही करू नये. यंत्रांसाठीची सिमकार्डे वेगळ्या वर्गात मोडतात. त्यांच्यासाठी २०१८ पासून १३ अंकी क्रमांक आले. असे सिम नेटवर्कपुढे आपली ओळख आपल्या फोनइतक्याच काटेकोरपणे पटवते, पण त्याला परवानगी मिळते ती आधी नेमून दिलेल्या ठिकाणी माहिती पाठवण्यापुरती. मीटरने वापरलेल्या युनिटांचा आकडा वीज कंपनीच्या संगणकाला कळवावा, एवढेच त्याचे काम. शिवाय कंपनी ते सिम एका विशिष्ट यंत्राच्या आयएमईआयशी बांधून ठेवू शकते; मग दुसऱ्या हँडसेटमध्ये घालताच सेवा बंद पडते.