वाम्पानोआग आणि ‘आम्ही-आपण’

प्रश्न : माझी मुलगी बॉस्टनजवळ राहते. नातीच्या शाळेत थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचं नाटक झालं. त्यात गोऱ्यांसोबत जेवणारे ‘इंडियन’ (तिथले मूळ रहिवासी) म्हणजे वाम्पानोआग, असं नात म्हणाली. हे लोक आता उरलेत का? आणि त्यांची भाषा?
– एक आजी

उत्तर : आजी, नातीला आधी शाबासकी द्या. तिनं नाव लक्षात ठेवलं.

लोक आहेत, आणि तिथंच आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅक्विना आणि मॅशपी या त्यांच्या दोन जमातींना केंद्र सरकारची मान्यता आहे. पहिलीला १९८७ मध्ये मिळाली, दुसरीला थेट २००७ मध्ये.

ते जेवण १६२१ चं. त्यांचा प्रमुख उसामेक्विन नव्वदेक माणसं घेऊन आला, आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. म्हणजे पाहुणेच शिधा घेऊन आले! खरं तर पाहुणे तरी कसले? इंग्रजांचं प्लिमथ वसलं ते त्यांच्याच पटक्सेट गावाच्या जागी. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते गाव ओस पडलं होतं. पुढे उसामेक्विनचा मुलगा मेटाकॉम इंग्रजांशी लढला, १६७६ मध्ये मारला गेला, आणि त्याचं मुंडकं प्लिमथमध्ये वर्षानुवर्षं खांबावर टांगलेलं होतं. (हे नातीला एवढ्यात सांगू नका.) १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथला मूळ रहिवासी शोकदिन पाळतात.

भाषेची गोष्ट मला जास्त आवडते. सुमारे दीडशे वर्षं ती बोलणारं कोणी नव्हतं. १९९३ मध्ये मॅशपीच्या जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ती परत आणायचं काम सुरू केलं. त्यासाठी त्या एमआयटीत भाषाशास्त्र शिकल्या. हाताशी काय होतं? धर्मांतरासाठी जॉन एलियट या इंग्रज पाद्र्यानं १६६३ मध्ये याच भाषेत छापून घेतलेलं बायबल, आणि वाम्पानोआगांनी स्वतः लिहिलेली जमिनीची खतं, अर्ज. त्यातून एकेक शब्द वेचला. बेअर्ड यांची मुलगी लहानपणापासून ही भाषा ऐकतच वाढली.

माझं आयुष्य व्याकरण शिकवण्यात गेलं, म्हणून एक राहवत नाही. या भाषेत नामांना स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. सजीव आणि निर्जीव असे दोन वर्ग. आणि ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ वेगळं, त्याला वगळून ‘आम्ही’ वेगळं. अगदी मराठीसारखं! नातीला विचारा, इंग्रजीतल्या ‘वुई’नं हे कसं सांगशील?