फोनमधली नको असलेली अ‍ॅप्स काढायची कशी? काहींना 'अनइन्स्टॉल'चा पर्यायच दिसत नाही.

अँड्रॉइडवर आयकॉन दाबून धरा, 'अ‍ॅप इन्फो' उघडा, तिथे अनइन्स्टॉल असतं. ते नसून नुसतं 'डिसेबल' दिसत असेल तर ते अ‍ॅप कंपनीनेच फोनमध्ये घालून दिलेलं आहे. ते समूळ जात नाही, पण डिसेबल केलं की चालू होत नाही आणि यादीतूनही गायब होतं. माझ्या मते तेवढं पुरे. फक्त ज्याचं नाव ओळखीचं नाही अशा सिस्टीम अ‍ॅपला हात लावू नका.

बटण आहे पण फिकट, दाबलं जात नाही? मग त्या अ‍ॅपने बहुधा 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'ची, म्हणजे फोनवर जादा ताबा देणारी, परवानगी घेऊन ठेवली आहे. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' टाका, त्या अ‍ॅपसमोरची खूण काढा, मग अनइन्स्टॉल करा. कर्ज देणारी, फोन 'साफ' करणारी काही अ‍ॅप्स हा उद्योग करतात. जाहिराती काही सुचूच देत नसतील तर फोन सेफ मोडमध्ये (यात बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स बंद राहतात) सुरू करून ते अ‍ॅप काढा.

आयफोन-आयपॅडवर 'डिलीट अ‍ॅप' निवडा; 'रिमूव्ह फ्रॉम होम स्क्रीन'ने फक्त आयकॉन जातो, अ‍ॅप आतच राहतं.

आणि हो, अ‍ॅप काढल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. ते प्ले स्टोअर किंवा अ‍ॅपल खात्यात जाऊन आधी रद्द करा.