होटगी रोडवरून उडायच्या आधी
अरे, उंचीची चूक बऱ्याचदा जमिनीवरच पेरली जाते. आपला सोलापूरचा होटगी रोडवरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर. अल्टिमीटर म्हणजे उंची दाखवणारं यंत्र. त्यात क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबानं काढलेला तिथला हवेचा दाब, लावल्यावर ते तेवढंच दाखवतंय का, आधी बघ. दाबातला एक हेक्टोपास्कल म्हणजे उंचीत जवळपास २८ फूट. १००३ ऐवजी १०१३ लावलंस, तर काटा पावणेतीनशे-तीनशे फूट जास्त दाखवेल आणि तू तेवढाच खाली असशील.

नियंत्रकानं दिलेली उंची मी एकदा रेडिओवर ‘पाच हजार’ अशी अगदी बरोबर म्हटली, हाताने यंत्रावर मात्र सहा हजार लावले! शेजारच्या कॅप्टननं काही न बोलता आकड्यावर नुसतं बोट ठेवलं. तेव्हापासून आकडा लावला की बोट दाखवून मोठ्यानं वाचतो. दिलेली उंची गाठायच्या आधीच्या शेवटच्या हजार फुटांत गप्पा बंद. मे महिन्यातल्या दुपारी गरम, विरळ हवेत विमान रडतखडत चढतं, तेव्हा नाक उचलायची घाई करू नकोस.