नाडी ८४, पण नियमित का?

प्रश्न : माझे वय ६८. बीपीची एक गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात घरच्या बीपी मशीनवर तीनदा आकड्यांशेजारी हृदयाची छोटी खूण लुकलुकली. माहितीपत्रकात तिचा अर्थ 'ठोके अनियमित' असा दिला आहे. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मला धडधड, दम असे काहीच होत नाही. पण गेल्या वर्षी मोठ्या भावाला पक्षाघात झाला आणि त्याला 'एएफ' आहे हे तेव्हाच कळले. त्या धास्तीने मी मनानेच रोज अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू केली आहे. बरोबर केले का? आमचे हे ७६ वर्षांचे आहेत, बीपी आणि मधुमेह दोन्ही आहेत. पण ते मशीन लावूनच घेत नाहीत. 'मला काही होत नाही' म्हणतात.

उत्तर : आधी अ‍ॅस्पिरिनचं बोलू. तुमची धास्ती समजते, पण ती गोळी इथे कामाची नाही. एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. त्यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो, तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती सुटली की थेट मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून एएफ असणाऱ्याला पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट धरतात. ही गुठळी अ‍ॅस्पिरिनला फारशी दाद देत नाही. २०११ साली एएफच्या साडेपाच हजारांवर रुग्णांमध्ये अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅपिक्साबान (रक्तात गुठळी होऊ न देणारी गोळी) यांची तुलना झाली. अ‍ॅपिक्साबानवाल्यांमध्ये पक्षाघात निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. थोडक्यात, रक्तस्रावाची जोखीम तुम्ही घेताय, संरक्षण मात्र नावापुरतं. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी अ‍ॅस्पिरिन लागते का, हे याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना विचारा. लागत नसेल तर ते बंद करायलाच सांगतील. आणि एएफ आहे हे ठरल्याशिवाय रक्त पातळ करणारी दुसरी कुठलीही गोळीही नको.

आता मशीनची खूण. हात हलला तरी ती येते, मध्येच एखादा जादा ठोका पडला तरी येते. म्हणजे खूण आली म्हणून एएफ झाला असं नाही. पण ईसीजी नॉर्मल आला म्हणून एएफ नाही, असंही नाही. साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो आणि सुरुवातीच्या काळात एएफ येतो नि जातो. दहा सेकंद खिडकीतून डोकावून रस्त्यावरून दिवसभरात कोण कोण गेलं हे कसं सांगणार?

त्यामुळे एक वही करा. पाच मिनिटं शांत बसा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटावर तीन बोटं ठेवा (स्वतःचा अंगठा वापरू नका, त्याचीच नाडी लागते) आणि पूर्ण मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. आकड्यापेक्षा ताल बघा. तबलजीची एखादी थाप चुकली तरी तो पुढच्या समेवर येतो. जादा ठोक्याचं तसंच असतं. एएफमध्ये समच नसते. दोन ठोके पाठोपाठ, मग पोकळी, मग एक दमदार, एक बोटाला जेमतेम जाणवेल असा. एकदा लागली की ही नाडी विसरता येत नाही.

हे एवढं पाल्हाळ का, ते सांगतो. उमेदीच्या काळात माझ्याकडे बीपीसाठी दर महिन्याला येणारे एक गृहस्थ पक्षाघात होऊन दाखल झाले. त्यांची जुनी फाइल मी रात्री उघडली. प्रत्येक भेटीला एकच नोंद : 'नाडी ८४', 'नाडी ८८', 'नाडी ८४'. नियमित की अनियमित, हे एकाही पानावर नाही. अक्षर माझंच होतं.

नाडी बेताल लागली, तर ती तशी असतानाच ईसीजी काढून घ्या. तेवढ्यात पुन्हा ताळ्यावर आली, तर डॉक्टर होल्टर (अंगावर बाळगायचं, सलग ईसीजी नोंदणारं छोटं यंत्र) लावतील किंवा छातीवर चिकटवायची, जास्त दिवस नोंद घेणारी पट्टी देतील. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाचा इशाराही चालतो, पण तो इशाराच. निदानासाठी किमान तीस सेकंदांचा ईसीजी डॉक्टरांनी डोळ्यांनी बघायला हवा.

मग सगळ्यांनाच महिनोन्महिने यंत्र का लावत नाहीत? डेन्मार्कमध्ये ते करून बघितलं. सत्तरीपुढच्या लोकांच्या छातीत कातडीखाली नोंदयंत्र बसवलं. एएफ जवळपास तिप्पट लोकांत सापडला, गोळ्याही सुरू झाल्या. पण पक्षाघात त्या मानाने घटले नाहीत. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या लोकांना दोन आठवडे, दिवसातून दोनदा छोट्या यंत्रावर ईसीजी काढायला बोलावलं. तिथे फायदा दिसला, लहानसा पण खरा. दोन्ही निकाल २०२१चे. माझा कयास असा, की यंत्राला महिन्यातून एकदा सापडणारे पाच-सहा मिनिटांचे झटके आणि साध्या तपासणीत पकडला जाणारा एएफ या एकाच तोलाच्या गोष्टी नाहीत. म्हणून पासष्टीनंतर प्रत्येक भेटीत नाडी बघणं मी सोडत नाही, आणि छातीत यंत्र बसवण्याची घाईही करत नाही.

एएफ ठरलाच, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा निर्णय पक्षाघाताच्या धोक्याचे गुण मोजून होतो. पासष्टीला एक गुण, पंच्याहत्तरीला दोन. बीपीचा एक, मधुमेहाचा एक, आधी पक्षाघात झाला असेल तर दोन. धडधड होते की नाही, याला त्यात एकही गुण नाही.

आता हाच हिशेब तुमच्या यजमानांचा करून बघा. वयाचे दोन, बीपीचा एक, मधुमेहाचा एक. चार झाले. मशीन नको म्हणतात तर राहू दे. संध्याकाळी शेजारी बसा, हात हातात घ्या आणि मिनिटभर काही बोलू नका.